काठमांडू : दरबार चौकातली एक सकाळ

(दृश्य : उजाडता उजाडता. ओला दगडी चौक, कबुतरं, कुठेतरी घंटा.)

सकाळचे सहा. काठमांडूच्या जुन्या दरबार चौकातली तिकीटखिडकी अजून बंद आहे, पण चौक कधीच जागा झालाय. पूजेचं ताट घेतलेल्या बायका एका देवळाला वळसा घालून दुसऱ्याकडे निघाल्यात. एक भाजीवाली जुड्यांवर पाणी मारतेय. ती बसलीय ती पायरी जागतिक वारशाच्या यादीत आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

समोरची तीन मजली लाकडी वास्तू म्हणजे काष्ठमंडप. शहराचं नाव हिच्यावरूनच पडलं. एकाच झाडाच्या लाकडातून ती उभी राहिली, अशी आख्यायिका. आसपासचे लोक मात्र तिला 'मरु सत्तल' म्हणतात. सत्तल म्हणजे धर्मशाळा. वाटसरूनं यावं, पथारी टाकावी, सकाळी निघावं.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं असताना भूकंप झाला आणि ही वास्तू जागच्या जागी बसली. आत रक्तदान शिबिर चालू होतं. त्यातली काही माणसं घरी परतली नाहीत.

ढिगारा उपसून पुरातत्त्ववाल्यांनी पाया खणला. इमारत बाराव्या शतकातली, असं तोवर सगळे धरून चालले होते. पाया निघाला सातव्या शतकातला, आणि चांगला धडधाकट! खोट वर होती. चार मुख्य खांबांपैकी एक खांब तळखड्यावर नीट बसलेलाच नव्हता. मधल्या काळातल्या कुठल्याशा दुरुस्तीत राहून गेलं होतं. हजार वर्षांच्या कारागिरीला एका डागडुजीनं दगा दिला. नवा काष्ठमंडप २०२२ साली उभा राहिला. लाकूड अजून कोरं दिसतं. धुरानं, हातांनी काळं व्हायला वेळ लागेल.

बाजूलाच अशोक विनायक. घुमटी म्हणावी एवढंसं देऊळ, वर कळससुद्धा नाही. पण राज्याभिषेकाआधी राजे इथे येऊन डोकं टेकायचे.

(दृश्य : शेंदरी मूर्तीचा जवळून शॉट.)

राजवाड्याच्या दारात मारुती. ढोका म्हणजे दार, म्हणून वाड्याचं नाव हनुमान ढोका. १६७२ साली प्रताप मल्ल राजानं तो बसवला. शेंदराची पुटं इतकी चढलीत की नाक-डोळे शोधूनही सापडत नाहीत. गावच्या पारावरचा मारुती पाहिलेल्याला यात नवल नाही. फक्त याच्या डोक्यावर छत्री आहे आणि अंगावर लाल वस्त्र.

हा प्रताप मल्ल भलताच हौशी. स्वतःला कवींद्र म्हणवून घ्यायचा. वाड्याच्या भिंतीत त्यानं १६५४ साली कालिका देवीच्या स्तुतीचा शिलालेख बसवला, पंधरा लिप्या आणि भाषांची सरमिसळ करून. ओळींवरून बोट फिरवत गेलं की मध्येच रोमन अक्षरं लागतात. शरद ऋतूसाठी फ्रेंच शब्द, हिवाळ्यासाठी आधी इंग्रजी, मग पुन्हा फ्रेंच. देवीच्या स्तुतीत हिवाळा कशाला? मला विचाराल तर, 'मला हेही येतं' एवढंच राजाला सांगायचं असावं. जो हा लेख सगळा वाचील त्याच्यासाठी इथल्या दगडी नळातून दूध येईल, असं म्हणतात. नळ कोरडा आहे.

मागे उंच जोत्यावर तलेजू भवानीचं देऊळ, १५६४ सालचं. मल्ल राजांची ही कुलदेवता. तिचं नाव 'तुलजा' असंही घेतात, आणि मराठी कान तिथेच अडकतो. बाहेरूनच हात जोडायचे. सामान्य भाविकांना दार उघडतं ते वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला.

पण ही देवी चौकाच्या दुसऱ्या टोकाला, एका घरात, लहान मुलीच्या रूपात राहते, असं इथली माणसं मानतात. त्या मुलीला म्हणतात कुमारी.

(पडदा काळा. फक्त आवाज.)

इथे तुम्हाला काही दिसणार नाही. कुमारीचं छायाचित्र घ्यायला मनाई आहे, आणि आम्ही कॅमेरा बंद ठेवलाय. हे कुमारी घर १७५७ सालचं, जयप्रकाश मल्लानं बांधलेलं. आतला चौक आपल्या वाड्यातल्या चौकाएवढा. चारी बाजूंना कोरीव खिडक्या. भूकंपात आसपासची देवळं कोसळली, हे घर टिकलं.

शाक्य कुळातली लहान मुलगी निवडतात. बत्तीसलक्षणी हा शब्द आपण लग्नाच्या गप्पांत थट्टेनं वापरतो. इथे लक्षणं खरोखर पाहतात. पूर्वी राजा तिच्याकडून टिळा लावून घ्यायचा. २००८ साली राजेशाही गेली, आता राष्ट्रपती येतात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तिचा शिक्षणाचा हक्क मान्य केला. पहिली पाळी आली की देवी तिला सोडून जाते आणि मुलगी आईबापांकडे परतते. देवीपण संपल्यावर चारचौघींसारखं रस्त्यावर चालायला शिकणं सोपं नसावं.

वरची खिडकी उघडते. काजळानं रेखलेले मोठे डोळे, लाल कपडे. हसू नाही. ती खाली आमच्याकडे बघते, आपण कावळ्या-चिमण्यांकडे बघतो तसं, फार तर दहा सेकंद. मग खिडकी लागते.

आम्ही सगळे अजून माना वर करूनच उभे.