नकाशात पालघर कोरं राहतं तेव्हा

(पडद्यावर एक छोटा परिच्छेद. त्यातल्या एका आकड्याखाली ठिपक्यांची रेघ.)

हा आकडा बघा. १८ डॉलर. त्यावर माऊस धरून डावीकडे ओढला की आकडा उतरतो, उजवीकडे ओढला की चढतो. आणि त्याच्याबरोबर पुढची वाक्यंही बदलत जातात : किती पैसे जमतील, उद्यानांना ते किती पुरतील.

२०११ साली अमेरिकेत ब्रेट व्हिक्टर यांनी हा नमुना करून दाखवला. विषय कॅलिफोर्नियातला. सरकारी उद्यानांसाठी दर गाडीमागे वर्षाला १८ डॉलर जादा घ्यावेत का, यावर २०१० साली तिथे मतदान झालं होतं. प्रस्ताव पडला. व्हिक्टर यांचं म्हणणं साधं होतं. लेखकाने आकडा सांगायचा आणि वाचकाने तो मुकाट्याने घ्यायचा, हे बदलायला हवं. शंका आली तर वाचकाला तो आकडा तिथल्या तिथे हलवून बघता आला पाहिजे.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. पण असा लेख लिहायचा तर तेव्हा प्रोग्रामिंग यावंच लागायचं. ज्याला विषय कळतो त्याला कोड येत नाही, आणि ज्याला कोड येतो त्याला विषय समजावत बसावं लागतं. बातमीदार, शिक्षक, शेती किंवा पाण्यावर वर्षानुवर्षं काम केलेला कार्यकर्ता, हे सगळे इथेच अडकायचे.

(सिएटल. विद्यापीठाचा परिसर.)

२०१८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मॅथ्यू कॉनलेन आणि जेफ्री हीर यांनी ‘इडिल’ मांडली. ही लेख लिहिण्याची भाषा आहे. साधा मजकूर नेहमीसारखा लिहायचा. जिथे स्लायडर, म्हणजे ओढून आकडा बदलायची पट्टी, हवा तिथे चौकटी कंस टाकून लिहायचं : रेंज, कमीत कमी ०, जास्तीत जास्त १००. कंसातलं सोडलं तर बाकी सगळा लेखच. तरीही ती संगणकावर बसवताना टर्मिनल, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, उघडून कमांड द्याव्या लागत, आणि पुष्कळ जण तिथूनच मागे फिरतात.

त्याआधीच, २०१२ साली, बर्लिनमध्ये सुरू झालेल्या ‘डेटारॅपर’ या साधनाने हा उंबरठाच काढून टाकला होता. ब्राउझर उघडा, एक्सेलमधला तक्ता चिकटवा, रकाने तपासा, आलेख किंवा नकाशा निवडा, प्रसिद्ध करा. मुळात हे साधन जर्मन वृत्तपत्रांच्या पत्रकारांना शिकवणाऱ्या एका संस्थेच्या पुढाकारातून आलं, म्हणून त्याची घडण बातमीच्या डेस्कला ओळखीची वाटते. लंडनचं ‘फ्लरिश’, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं ‘टाइमलाइन जेएस’, अशी त्याची भावंडंही आहेत.

(पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा. ३६ जिल्हे, सगळे कोरे.)

आता आपल्याकडचं एक काम करून बघू. २०११ च्या जनगणनेतली जिल्हावार लोकसंख्या घेतली. नकाशा घेतला आजचा. तक्ता चिकटवला आणि रंग भरू लागले.

काही जिल्हे तसेच राहिले. तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आहे. नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात रायगडचं ‘रायगढ’ झालंय. साधन नाव अक्षराला अक्षर लावून बघतं, त्यामुळे ही नावं हाताने जुळवून द्यावी लागली. तेवढं दहा मिनिटांत झालं.

मग उरलं एकटं पालघर. कोरं.

कारण तक्त्यात ते नाहीच. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. जनगणनेच्या वेळी तो ठाण्यातच होता. आणि खरी चूक पालघरच्या शेजारी झालीय. एकत्र ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १,१०,६०,१४८, देशात सर्वांत जास्त. ती सगळीच्या सगळी आजच्या लहान ठाण्यावर जाऊन बसलीय. राज्यातला सर्वांत गडद रंग ठाण्याचा. साधनाने कसलीही तक्रार केली नाही. कोरा जिल्हा निदान डोळ्यांत तरी खुपतो. चुकीचा रंगलेला खुपत नाही, आणि मला धास्ती आहे ती त्याचीच.

हे दुरुस्त करायला तालुक्यांवर उतरावं लागतं. पालघरचे तालुके आठ. कागद घेऊन बसलो.

(वहीचं पान. पेनाने लिहिले जाणारे आकडे.)

वसई १३,४३,४०२. पालघर ५,५०,१६६. डहाणू ४,०२,०९५. वाडा १,७८,३७०. तलासरी १,५४,८१८. जव्हार १,४०,१८७. विक्रमगड १,३७,६२५. मोखाडा ८३,४५३.

बेरीज २९,९०,११६.

हे आकडे मराठी कीबोर्डवरून तक्त्यात टाकले, आणि पालघर पुन्हा कोरं. हा अडथळा खास आपला. ब्राउझरमागच्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला सांगितलं, की हा आकडा मराठीत दाखव, तर ती लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन देवनागरीत छान छापते. पण देवनागरीत टंकलेला आकडा तिला आकडा म्हणून वाचता येत नाही. तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. म्हणून तक्त्यात इंग्रजी अंक ठेवायचे आणि देवनागरी फक्त दाखवताना वापरायची. मराठीत हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक सांगतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातले आर्ची त्से यांनी २०१६ साली आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना बजावलं होतं, की बहुतेक वाचक फक्त खाली सरकत जातात, बटणं दाबत बसत नाहीत. म्हणून जे सांगायलाच हवं ते हात न लावता दिसलं पाहिजे. हलवून बघण्याची सोय ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी. आमच्या नकाशात जिल्ह्यांचे रंग आधीच दिसतात. पालघरवर बोट ठेवलं तर आठ तालुके उघडतात, आणि एकट्या वसईत जिल्ह्यातली जवळपास ४५ टक्के माणसं आहेत, हे तेव्हा कळतं. जव्हार-मोखाड्याची गोष्ट लिहिणाऱ्याला जिल्ह्याची सरासरी कशी फसवू शकते, तेही तिथेच दिसतं.

(नकाशा पुन्हा. आकडे इंग्रजी अंकांत बदलले जातात.)

आता ठाण्यातून पालघर वजा करू. उरतात ८०,७०,०३२.

पालघरला रंग येतो. ठाण्याचा रंग एक पायरी उतरतो. सर्वांत गडद आता पुणे, ९४,२९,४०८. त्यानंतर मुंबई उपनगर, ९३,५६,९६२. पहिलं असलेलं ठाणे तिसरं.