पासपोर्ट, व्हिसा आणि तारखा

पासपोर्टचं हे पान बघा. फोटो, नाव, आणि तळाशी दोन ओळी. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं. या ओळी यंत्रासाठी. त्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं ठरवलेली असते, म्हणून एका देशाचा पासपोर्ट दुसऱ्या देशातल्या काउंटरवर वाचता येतो. जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्हींच्या मागे पडताळणीचा एकेक अंक असतो. तारखेतला एक आकडा जरी बदलला, तरी हिशेब जुळत नाही.

सीमेवर खरं महत्त्व आहे ते तारखांना. प्रवासी फसतात तेही बहुतेक इथेच.

पासपोर्ट आणखी चार महिने चालणार आहे, म्हणजे झालं, असं वाटतं. पण अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा: बाहेरून येणाऱ्याचा पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, आणि तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा.

आता व्हिसा. समजा, त्यावर जानेवारी ते जून अशा तारखा आहेत. म्हणजे सहा महिने राहता येईल? नाही. शेजारी दिवसांचा एक आकडा असतो. तिथे ३० लिहिलं असेल, तर मुक्काम ३० दिवसांचाच. हा छोटा आकडा कृपा करून वाचा. ‘सिंगल एंट्री’ असेल, तर एकदा बाहेर पडल्यावर त्याच व्हिसावर परत आत येता येत नाही.

शेंगेनमध्ये कमाल मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे. आल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरायचे. दोन दिवस शेजारच्या देशात जाऊन आलं की मोजणी नव्यानं सुरू होते, हा समज साफ चुकीचा आहे.

तपासणी विमानात चढण्याआधीच सुरू होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत न्यायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, अनेक देशांत दंडही होतो. म्हणून चेक-इनलाच कागद बघतात. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. पीतज्वराची लस सक्तीची असेल, तर ती आधीच घ्या. पहिल्या डोसचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, मग मात्र आयुष्यभर चालतो.

व्हिसा असला, तरी आत सोडायचं की नाही हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चाची सोय, एवढंच तो विचारेल. थोडक्यात आणि खरं सांगा.

आणि निघतानाही तपासणी असते. जास्त राहिलात, तर ते तिथे उघड होतं. शेंगेननं ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि बोटांच्या ठशांसह डिजिटल नोंद ठेवायला सुरुवात केली. दिवस आता संगणक मोजतो.