सिलिंडरमधली रिकामी जागा

(दृश्य: पहाट. पाइनची झाडं, काचेवर आतून गोठलेली वाफ. शेगडीचं बटण फिरतं, लायटरची टकटक. ज्योत नाही.)

जानेवारी महिना. स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याशी, अवीमोरच्या जवळ, माझ्या व्हॅनमध्ये मुक्काम. बाहेर उणे चार. शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात आलं किसून टाकलेलं. आणि गॅस येत नाही.

सिलिंडर हलवून बघितला. आत द्रव डचमळत होता, निम्म्याहून जास्त. म्हणजे गॅस संपलेला नव्हता, नुसता बसून होता.

त्या वेळी साताऱ्यात सकाळचे अकरा वाजून गेले होते. आईला फोन लावला. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "अरे, जरा आडवा करून बघ. नाहीतर परातीत गरम पाणी घे आणि त्यात ठेव."

"आई, पाणी गरम करायलाच गॅस नाहीये."

(दृश्य: निळा सिलिंडर, जवळून. त्याच्या अंगावर दवाचा पांढरा थर.)

सिलिंडरमध्ये गॅस असतो असं आपण म्हणतो, पण असतो तो बहुतांशी द्रव. वर थोडी मोकळी जागा असते, त्या जागेत द्रवाची वाफ जमते, आणि शेगडीपर्यंत येते ती ही वाफ. म्हणजे सिलिंडर हीसुद्धा एक किटलीच आहे, फक्त हिच्याखाली जाळ नाही. उकळायला लागणारी उष्णता ती आजूबाजूच्या हवेतून घेते.

माझ्या निळ्या सिलिंडरमध्ये होता ब्यूटेन. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. त्याहून जास्त थंडी पडली की तो पाण्यासारखा तळाशी पडून राहतो. प्रोपेन उणे बेचाळीसला उकळतो, त्याला स्कॉटलंडची थंडी म्हणजे उन्हाळाच. आपल्याकडे घरी येणाऱ्या 14.2 किलोच्या लाल सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं, म्हणून साताऱ्याच्या हिवाळ्यात गॅस मंदावला तरी अडत नाही.

आईच्या दोन उपायांपैकी परातीचा उपाय शास्त्राला धरून आहे, द्रवाला ऊब मिळते. आडवा करण्याचा मात्र अजिबात नाही. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, पुढे जाऊन एकदम फुलतो, आणि शेगडीवर भडका उडतो. आपल्या किती स्वयंपाकघरांत हे रोज चालतं, आणि किती वेळा नुसतं नशिबाने निभावतं, कुणास ठाऊक.

(दृश्य: लीड्स. घरासमोर उभी जुनी पांढरी व्हॅन, मागचं दार उघडं.)

परत आल्यावर ठरवलं, ही व्यवस्था बदलायची. सोपा मार्ग होता, निळा देऊन प्रोपेनचा लाल सिलिंडर घ्यायचा. पण इथे सिलिंडर बदलून घेण्याची पद्धत आहे. सिलिंडर कंपनीचा, आतला गॅस तेवढा आपला. लांबच्या सहलीआधी मनात धाकधूक असते म्हणून पाव भरलेला सिलिंडरही बदलून टाकायचा, आणि उरलेल्या गॅसचे पैसे सोडून द्यायचे. युरोपात गेलं की आणखी पंचाईत. प्रत्येक देशाचा सिलिंडर वेगळा, त्याचे आटे वेगळे, आणि ब्रिटनचा सिलिंडर फ्रान्समध्ये कोणी बदलून देत नाही.

म्हणून भरता येणारे सिलिंडर. ते व्हॅनमध्ये कायमचे बसवायचे, व्हॅनच्या बाहेरच्या अंगाला तोंड काढायचं, आणि पेट्रोल पंपावर जाऊन ऑटोगॅस भरायचा. गाड्यांसाठी विकला जाणारा एलपीजी तोच हा, आणि ब्रिटनमध्ये तो जवळजवळ सगळा प्रोपेन असतो.

ही कल्पना ऐकताना मला पहिल्यांदा आठवली ती साताऱ्याची शाळेची व्हॅन. मागच्या सीटखाली घरगुती लाल सिलिंडर, त्याला रबरी नळी, आणि वर आम्ही दहा-बारा पोरं. वाहनात एलपीजी वापरायला भारतात कायद्याने परवानगी मिळाली ती 2000 साली, आणि तीही खास टाकीसाठी. घरचा सिलिंडर तेव्हाही बेकायदा होता, आजही आहे. मग पंपावरून सिलिंडर भरायचा म्हणजे त्यातलाच प्रकार नाही का?

नाही. फरक आहे तो एका तरंगत्या फुग्याचा.

(दृश्य: कापून उघडा केलेला व्हॉल्व्ह. दांडीच्या टोकाशी छोटा तरंगता गोळा.)

प्रोपेनचा द्रव तापला की भलताच फुगतो. 15 अंशांवरून 50 अंशांवर गेला तर सुमारे आठव्या हिश्शाने. उन्हात बंद गाडीतला कप्पा तेवढा तापू शकतो. सिलिंडर काठोकाठ भरलेला असेल, तर फुगणाऱ्या द्रवाला जायला जागाच नाही, आणि द्रव दाबला जात नाही. अशा वेळी सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर फेकला जातो. म्हणून नियम असा की भरायचा फक्त 80 टक्के. उरलेले 20 टक्के रिकामे ठेवायचे.

कंपनीचा सिलिंडर कारखान्यात वजन करून भरतात, त्यामुळे आत कुठला अडसर नसतो. पंपावर वजनकाटा नाही. तिथे ही राखण तो गोळा करतो: द्रवाबरोबर वर येतो, 80 टक्क्यांना पोचला की वाट बंद करतो. साधा सिलिंडर अडॅप्टर लावून पंपावर भरणारे लोक इथेही आहेत. त्यात ही राखण नसते. सातारच्या व्हॅनमध्ये नव्हती तशीच. आणि गोळा काम करतो तो सिलिंडर उभा असेल तरच, म्हणून तो पट्ट्यांनी आवळून उभाच बसवायचा.

मी सहा-सहा किलोचे दोन घेतले. सहा किलो म्हणजे साधारण बारा लीटर. चहाचा हिशोब घरी कागदावर केला: लीटरभर पाणी उकळायला पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका किलोत साठेक आधणं. खरा खादाड आहे हीटर. दोन किलोवॅटचा हीटर तासाला दीडशे ग्रॅम खातो.

(दृश्य: ड्रिलचा आवाज. व्हॅनच्या पत्र्यातून बाहेर पडणारं पातं.)

कामाची सुरुवात भोकाने झाली, आणि तीही सिलिंडरसाठी नाही. गॅसची पेटी आधी, म्हणजे सिलिंडर ज्यात बसतात तो बंद कप्पा. पेटीचं दार बाहेरून उघडणारं, आणि राहत्या जागेकडची प्रत्येक फट बुजवलेली. मग पेटीच्या तळाला, थेट रस्त्याकडे उघडणारं भोक. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड. गळती झाली तर ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी तळाशी साठते आणि ठिणगीची वाट बघते. तिला खाली जायला वाट हवी. युरोपच्या मानकात मापही दिलंय: फक्त तळाला वाट असेल तर पेटीच्या तळाच्या 2 टक्के, आणि पेटी कितीही लहान असली तरी 100 चौरस सेंटिमीटरहून कमी नाही. म्हणजे जवळपास तळहाताएवढं. सायलेन्सरच्या जवळ नको, आणि त्यावर गालिचा तर मुळीच नको.

चांगल्या व्हॅनच्या तळाला तळहाताएवढं भोक पाडताना हात अडखळतो. दुसरं भोक बाजूच्या पत्र्यात, भरायच्या तोंडासाठी. कापलेल्या कडांना दोन हात गंजरोधक रंग. या देशात तेवढं विसरलं की दोन हिवाळ्यांत पत्रा खाली गळून पडतो.

(दृश्य: भिंतीवर बसवलेला रेग्युलेटर. त्याला जोडलेल्या चमकत्या स्टीलच्या नळ्या.)

15 अंशांना प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये सहा बारहून जास्त दाब असतो. शेगडीला लागतो 30 मिलिबार, म्हणजे दोनशेवा हिस्सा. गंमत म्हणजे आपल्या घरच्या भारतीय शेगडीचाही दाब एवढाच. हे अंतर उतरवायचं काम रेग्युलेटरचं. तो सिलिंडरच्या वरच्या पातळीला बसवायचा, म्हणजे नळीत जमणारा तेलकट मळ आपोआप परत खाली जाईल. जुन्या रबरी नळ्यांमधून हा चिकट पदार्थ सुटतो, रेग्युलेटरमध्ये जमतो, आणि एक दिवस शेगडी कारण न सांगता मंद होते. म्हणून उच्च दाबाच्या बाजूला स्टीलच्या नळ्या. पैसे जास्त गेले, पण इथे काटकसर करावीशी वाटली नाही.

पुढचं काम तांब्याच्या आठ मिलिमीटर पाइपाचं. दर अर्ध्या मीटरवर पकड. पत्र्यातून जाईल तिथे रबराचं वेष्टन, नाहीतर प्रवासातली थरथर तांबं कापत राहते. वेळ या कामाला सगळ्यात जास्त लागला, दाखवण्यासारखं मात्र काही नाही.

(दृश्य: काचेची इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली नळी, त्यात पाणी. पाण्याची पातळी हळूहळू सरकते.)

पाइप मी बसवले. गळतीची चाचणी मात्र स्वतः करायची नाही, हे आधीच ठरलं होतं. ब्रिटनमध्ये गॅसचं काम करणाऱ्यांची एक नोंदणी आहे, गॅस सेफ रजिस्टर. 1 एप्रिल 2009 पासून ती लागू आहे. पण नोंदणी आहे एवढं पुरत नाही. फिटरच्या ओळखपत्राच्या मागे लिहिलेलं असतं, त्याला नेमकं कुठलं काम येतं. घरातला बॉयलर दुरुस्त करणारा वेगळा, गाडीतला एलपीजी तपासणारा वेगळा. कार्ड उलटून बघायला लाजू नये.

आमचा फिटर साठीचा, यॉर्कशायरचा, बोलायला कंजूष. त्याने पाण्याची नळी जोडली, दाब भरला, व्हॉल्व्ह बंद केला आणि घड्याळ बघत उभा राहिला. मीही उभा. दुसऱ्या मिनिटाला पाणी खाली सरकलं. केसभर, पण सरकलं.

तो काही बोलला नाही. गळती शोधायचा फवारा घेतला आणि एकेक जोड भिजवत गेला. साबणाचं पाणी का नाही, म्हणून विचारलं. भांड्यांच्या साबणात मीठ असतं, ते पितळ खातं, एवढंच उत्तर. शेगडीच्या मागच्या जोडाला बारीक बुडबुडे आले. मी तिथे पाइप करवतीने कापला होता. टोक जरा तिरकं, कडेला कापताना उरलेली खरखरीत धार. जोड आवळताना मी सगळा जोर लावला होता, तिरक्या टोकाला जोराचा काय उपयोग. त्याने खिशातून पाइप कापायचं छोटं चक्र काढलं, टोक सरळ कापलं, नवा जोड बसवला. या वेळी पाणी जागचं हललं नाही.

जाताना त्याने दोन गजर कुठे आहेत ते बघितलं. कार्बन मोनॉक्साइडचा वर, एलपीजीचा खाली, जमिनीलगत. मी दोन्ही वर लावले होते.

(दृश्य: पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातलं ऑटोगॅसचं यंत्र.)

पहिल्यांदा भरताना पंपावरची बाई बाहेर आली. फलकावर लिहिलेलं होतं, इथे सिलिंडर भरू नये. तिला बाजूचं तोंड दाखवलं, आत नेऊन बसवलेले सिलिंडर दाखवले, मग तिची खात्री पटली. नोझल तोंडाला लावून फिरवायची, हातमोजे घालायचे, यंत्रावरचं बटण दाबून धरायचं. बोट उचललं की गॅस थांबतो. आणि 80 टक्के झाले की आतून खट्ट असा आवाज येतो, आकडे अडतात. त्या आवाजाची आता मला सवय झाली आहे, तो आला की बरं वाटतं.

युरोपासाठी पितळेचे तीन जोड डब्यात असतात: फ्रान्स-इटलीसाठी एक, जर्मनी-बेल्जियमसाठी दुसरा, स्पेनसाठी तिसरा.

खर्चाचं खरं सांगतो. ऑटोगॅस किलोमागे बदलीच्या सिलिंडरच्या निम्म्याहून स्वस्त पडतो. पण हा सगळा संच बसवायला काही शे पौंड लागतात. वर्षातून तीन शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्याचे ते फिटणार नाहीत. त्याने लाल सिलिंडर घ्यावा आणि सुखाने चहा प्यावा. शिवाय ब्रिटनमध्ये ऑटोगॅसचे पंप कमी होत चाललेत. उत्तरेला जायचं तर मी नकाशात आधी पंप बघतो, मग तळ. आणि निघण्याआधी फोन करून विचारतो.

(दृश्य: तीच पाइनची झाडं, पुन्हा बर्फ. शेगडीवर निळी ज्योत, पातेल्यातून वाफ.)

यंदाच्या जानेवारीत परत त्याच जागी. बाहेर उणे सात. आलं किसलं, आधण ठेवलं. पाणी खदखदायला लागलं तेव्हा खाली उतरून गॅसची पेटी उघडली. दोन्ही सिलिंडर उभे, पट्ट्या घट्ट.

तळाच्या भोकातून खालचा बर्फ दिसत होता.