चढणीचे मासे आणि भुरीचं औषध

खरड छाटणी झाली, वेली हिरव्यागार झाल्या, पाऊस लागला की आपण द्राक्षबागेत काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पानांवर भुरीची पांढरी बुरशी आली, हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक घ्या. केवडा रोग आला, मॅन्कोझेब हे दुसरं बुरशीनाशक घ्या. आणि याच दिवसांत ओढ्याला नवं पाणी येतं, चढणीचे मासे वर येतात आणि उथळ पाण्यात, गवताच्या मुळाशी अंडी सोडतात. फवारलेल्या बागेतून वाहून आलेलं पाणीही तिथंच उतरतं. आज मला त्या अंड्याबद्दल बोलायचं आहे.

आम्ही प्रयोगासाठी झेब्रामासा वापरतो. जेमतेम दीड इंचाचा, अंगावर निळे पट्टे. मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली गंगेच्या माशांबरोबर त्याची नोंद केली. त्याचं अंडं मोहरीच्या दाण्याहूनही लहान आणि काचेसारखं पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की पहिल्या दिवसाच्या शेवटी आत हृदय धडधडताना दिसतं. मी हे इतकी वर्षं बघतोय, तरी दर वेळी पुन्हा डोळा लावावासा वाटतो.

आता हेच अंडं हेक्झाकोनॅझोलच्या, म्हणजे अ‍ॅझोल गटातलं औषध पुरेशा प्रमाणात मिसळलेल्या पाण्यात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हृदयाभोवतीची पिशवी पाण्यानं फुगलेली दिसते. आतलं हृदय ताणून दोऱ्यासारखं झालेलं असतं. शेपूट वाकडी असते. आणि खालचा जबडा आखूड, कधी कधी जवळजवळ नसतोच.

असं का होतं? हे औषध बुरशीचं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे तिला पेशीचं आवरण नीट बांधता येत नाही. पण त्या एन्झाइमचं भावंड माशात आहे, उंदरात आहे, आपल्यातही आहे. त्याच घराण्यातलं आणखी एक एन्झाइम 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक आम्ल वेळच्या वेळी मोडून टाकतं. तेही अडलं की हे आम्ल नको तिथं साचतं, आणि चेहरा घडवायला निघालेल्या पेशी वाट चुकतात. मॅन्कोझेबच्या गटाची तऱ्हा वेगळी. जिच्याभोवती पाठीचा कणा तयार होतो गर्भातली ती दोरीच या गटातली औषधं नागमोडी करून टाकतात. मॅन्कोझेबला युरोपीय संघानं २०२० साली मुदतवाढ नाकारली, आणि प्रजननावरचा परिणाम हे त्यामागचं एक कारण होतं.

माझी खरी तक्रार मात्र मोजमापाबद्दल आहे. माशाच्या गर्भावरची आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी ९६ तासांची आहे. अंडं गोठलं का, पाठीच्या बाजूनं शरीराचे खंड घडले का, शेपूट बलकापासून सुटली का, हृदय चालतं का, एवढ्या चार गोष्टींवर गर्भ मेला की जगला ते ठरतं. जबडा नसलेलं पिल्लू या हिशेबात जिवंत धरलं जातं. त्याला अजून खायची गरजच पडलेली नसते, कारण पोटाशी बलक असतो. दोन-तीन दिवसांत बलक संपतो, समोर अन्न असतं आणि तोंड मिटत नाही. ते उपाशी मरतं, तोवर आपली चाचणी संपलेली असते.

माणसाचं विचाराल, तर बुरशीच्या संसर्गावर माणसांना देतात ते फ्लुकोनॅझोल याच अ‍ॅझोल घराण्यातलं आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दीर्घकाळ रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम घेतलेल्या काही मातांच्या बाळांत कवटी आणि चेहऱ्याची व्यंगं आढळली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये तशी सूचना काढली. १५० मिलिग्रॅमच्या एका गोळीला ती सूचना लागू नव्हती, हेही सांगतो, उगाच कुणी घाबरू नये.

मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण तरी निर्धोक ना, असं मघाशी एका दादांनी विचारलं. नाही हो. मोरचुदातलं तांबं माशाच्या कल्ल्यांना फार वाईट.

फवारणी बंद करा असं मी म्हणत नाही. बाग गेली तर घर जातं, हे मला कळतं. पण फवारणीच्या ब्लोअरची टाकी ओढ्यावर धुऊ नका. धुतलेलं पाणी बागेतच फवारून संपवा. पाऊस तोंडावर आला असेल तर एक दिवस थांबा. आणि बांधाच्या उताराकडचं गवत या वर्षी तणनाशकानं जाळू नका, वाहून येणारं पाणी आधी तिथं अडू द्या.