अँटवर्पच्या गोदीतला जमाखर्च

नमस्कार श्रोतेहो. १८९० नंतरच्या दशकात बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात एक तरुण कारकून कामानिमित्त येत असे. एडमंड मोरेल त्याचं नाव. लिव्हरपूलच्या ज्या जहाज कंपनीत तो नोकरीला होता, तिच्याकडे काँगोच्या मालवाहतुकीचा मक्ता होता. जहाजं यायची ती रबर आणि हस्तिदंतानं खच्चून भरलेली. परत जाताना त्यांत काय असायचं? बंदुका आणि काडतुसं. व्यापार म्हटला की दिलेल्या मालाचा मोबदला कुठंतरी दिसायला हवा, आणि इथं तर मोबदल्याचा रकानाच जवळपास कोरा! मोरेलनं ताडलं, हे रबर विकत घेतलेलं नाही. वेठबिगारीनं ओरबाडलेलं आहे.

काँगोतल्या मिशनऱ्यांनी त्याआधीच ओरड केली होती. पण हिशेबाच्या वहीला खोटं पाडणं अवघड असतं.

काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहतही नव्हता. १८८५पासून तो राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होता. बेल्जियमच्या सत्तर पटींहून मोठा मुलुख, आणि मालकानं तिथं कधी पाऊलही ठेवलं नाही. जगाला मात्र सांगितलं गेलं की गुलामांचा व्यापार मोडायला आम्ही आलो आहोत.

१८८८मध्ये डनलॉपनं हवेचा टायर काढला आणि रबराला सोन्याचे दिवस आले. काँगोतलं रबर मळ्यातलं नव्हे, जंगलातल्या वेलींचं. माणसं आत आत जाऊन वेली कापायची, चीक अंगावर फासायची, वाळला की सोलून काढायची. सोलताना केसही उपटून यायचे. ठरवून दिलेलं वजन भरेपर्यंत त्यांच्या बायका ओलीस ठेवलेल्या असायच्या. शेतं पडीक पडली, उपासमार आली, मागून रोगराई.

‘फोर्स पब्लिक’ नावाच्या राजाच्या सैन्यात काडतुसांचाही हिशेब होता. झाडलेल्या प्रत्येक गोळीमागे मेलेल्या माणसाचा तोडलेला उजवा हात दाखवायचा. शिपायानं गोळी शिकारीत खर्च केली असेल, तर हिशेब जुळवायला जिवंत माणसाचा हात तोडला जाई. जमाखर्चाचं हे वेड अँटवर्पपासून जंगलापर्यंत एकच होतं.

मोरेलनं नोकरी सोडली आणि लिहायला बसला. १९०४मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा अहवाल प्रसिद्ध झाला. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेले हात तुटलेल्या मुलांचे फोटो सभांमधून दाखवले जाऊ लागले. लिओपोल्डनं वर्तमानपत्रांना पैसे चारून पाहिलं, पण फोटोपुढे ते टिकेना.

अखेर १९०८मध्ये बेल्जियमनं काँगो राजाकडून ताब्यात घेतला. त्याआधी राजानं आपल्या दप्तरातले काँगोचे कागद भट्टीत जाळले. आणि हस्तांतराच्या करारात, काँगोसाठी केलेल्या ‘त्यागा’बद्दल कृतज्ञता म्हणून, त्याला ५ कोटी फ्रँक मंजूर झाले. ते वसूल व्हायचे होते काँगोकडूनच.