गुंजेचं विष आणि आईची शिदोरी

नमस्कार, श्रोतेहो.

गुंज तुम्ही पाहिलेली आहे. लालचुटूक, एका टोकाला काळी. पूर्वी सोनार तिनंच सोनं तोलायचे. तिच्या आत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. बी अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, पण चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. घरात रांगतं मूल असेल तर गुंजांची माळ त्याच्या हाती लागू देऊ नका.

1892 साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी हे विष उंदरांवर वापरलं. आधी अगदी कमी मात्रा, मग थोडी थोडी वाढवत. इतर उंदीर ज्या मात्रेनं मरत, ती हे उंदीर पचवू लागले. एरंडीच्या विषावरही त्यांनी हेच केलं. पुढचा प्रश्न होता, हे संरक्षण पिलांत उतरतं का, आणि कोणाकडून?

आधी नर तयार केलेला, म्हणजे विषाची सवय लावलेला, मादी साधी. पिलांना संरक्षण नाही. मग मादी तयार केलेली, नर साधा. पिलं वाचली! पण त्या पिलांना पिलं झाली, तेव्हा नातवंडांत त्याचा मागमूस नव्हता. म्हणजे हा वारसा नव्हे. आईनं बांधून दिलेली शिदोरी, खाल्ली की संपणारी.

मग एर्लिक यांनी पिलांची अदलाबदल केली. साध्या आईची पिलं तयार आईच्या अंगावर पाजायला दिली, आणि तयार आईची पिलं साध्या आईकडे. पोटात असताना ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती पिलं नुसत्या दुधावर विषाला पुरून उरली. उलट तयार आईची पिलं साध्या दुधावर वाढली, तेव्हा त्यांचं संरक्षण लवकर ओसरलं. आपल्या शाळांत बेडकाचे अवयव पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रयोग शिकवायला हवा.

आता माणसाचं. प्रतिपिंडं म्हणजे विषाला आणि जंतूंना अडवणारी रक्तातली, दुधातली प्रथिनं. उंदराच्या पिलाचं आतडं दुधातली प्रतिपिंडं रक्तात घेतं, आपल्या बाळाचं जवळजवळ घेत नाही. आपल्याकडे आयजीजी ही प्रतिपिंडं वारेतून येतात, आणि सर्वांत जास्त शेवटच्या चार आठवड्यांत. पुन्हा सांगतो, शेवटच्या चार आठवड्यांत. म्हणून फार आधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी अपुरी असते. चिकातली आयजीए प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत. ती आतड्याच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. चीक पिळून टाकू नका. आणि गाय व्यायली की खरवस नंतर! वासराला वारेतून प्रतिपिंडं मिळतच नाहीत. पहिल्या दोन तासांत त्याला चीक मिळालाच पाहिजे, कारण दिवसभरात त्याच्या आतड्याचं दार बंद होतं.

बाळाचा धनुर्वात याच शिदोरीनं टळतो. मळक्या पात्यानं नाळ कापली, वर शेण-राख लावली, की जंतूचे बीजाणू आत शिरतात. दोन दिवस नीट पिणारं बाळ तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान पिणं सोडतं, जबडा आवळतो. आईच्या रक्तात प्रतिपिंडं असतील तर ती बाळाच्या अंगात या जंतूचं विष अडवतात. त्यासाठी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पावरची लस. पहिला डोस गरोदरपण कळताच, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या तीन वर्षांत गरोदरपणी दोन्ही घेतले असतील तर एकच बूस्टर. शेवटचा डोस बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी झालेला हवा, कारण प्रतिपिंडं तयार होऊन वारेपलीकडे पोचायला वेळ लागतो. 2015 साली भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. बीजाणू मातीत आहेतच, त्यामुळे लस सुरूच राहणार.

आईकडून आलेली आयजीजी दर काही आठवड्यांनी साधारण निम्मी होत जातात. बाळाची पेंटाव्हॅलंट, म्हणजे धनुर्वातासह पाच आजारांवरची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला ठेवली आहे ती म्हणूनच. सहावा आठवडा चुकवू नका. नमस्कार.