पहिले पंधरा दिवस

(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलींनो, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनो, डिप्रेशनवरच्या गोळ्यांचा धडा तुम्ही वाचला असेल. गट, मात्रा, दुष्परिणाम, सगळं परीक्षेपुरतं पाठही असेल. मला आज त्यातल्या एकाच ओळीवर बोलायचंय: ‘गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात.’ आपण ही ओळ भरभर वाचून पुढे जातो. पेशंटला मात्र ते आठवडे एकेक दिवस करून काढावे लागतात, आणि डॉक्टरांचा राउंड संपला की त्याच्याजवळ आपणच असतो.

गुण उशिरा येतो, त्रास पहिल्याच दिवसापासून. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, या नव्या गटातली कुठलीही गोळी बघा. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, कुणाची झोप उडते, कुणाचा जीव घाबरा होतो. चौथ्या दिवशी पेशंट म्हणतो, “सिस्टर, या गोळीनं उलट वाढलंच.” आणि गोळी सुटते. म्हणून हे आधी सांगायचं. “जेवणानंतर घ्या, मळमळ आठ-दहा दिवसांत उतरेल, मनाला बरं वाटायला त्याहून वेळ लागेल.” दोन दिवसांत बरं वाटेल असं खोटं कधीही बोलू नका. तिसऱ्या दिवशी त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, गोळीवरचाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. औषध लागू पडायला लागलं की अंगात त्राण आधी येतं, मनातला अंधार मागाहून सरतो. मधले ते दिवस फार जपायचे असतात. २५ वर्षांखालच्या पेशंटमध्ये सुरुवातीला आणि मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ पासून मुलांसाठी आणि २००७ पासून २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक इशारा छापतात. पण मोठ्यांच्या बाबतीतही गाफील राहू नका.

आमच्या वॉर्डात चाळिशीतल्या एक बाई होत्या. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दहाव्या दिवशी स्वतःहून आंघोळ केली, वेणी घातली, हातातल्या बांगड्या काढून भावजयीला दिल्या. आम्ही सगळ्या खूश. रात्रपाळीच्या मावशींना मात्र त्या बांगड्या खटकल्या. पांघरूण सारखं करताना त्यांना पदराच्या टोकाला गाठ दिसली. गाठीत अकरा गोळ्या निघाल्या. आम्ही तळहातावर गोळी ठेवून ट्रॉली पुढे ढकलत होतो, आणि त्यात मीही होते. तेव्हापासून माझ्या ट्रॉलीवर पाण्याचा पेला असतो. गोळी समोर गिळायची, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, मग दोन मिनिटं गप्पा. त्या गप्पांत थेट विचारायचं, “जीव नकोसा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते.

त्या गोळ्या अमिट्रिप्टिलिनच्या होत्या. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन हा जुना गट जास्त मात्रेत हृदयाची लय बिघडवतो, त्यामुळे साठवलेली गोळी इथे जास्त घातक. रोजच्या मात्रेतही तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, वयस्क पुरुषांची लघवी अडते. उभं राहिलं की बीपी उतरू शकतं, म्हणून ते पेशंट आडवा असताना आणि उभं केल्यावर, दोन्ही वेळा घ्या. नव्या गोळ्यांवरचे आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, ते तपासायला सांगा. आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना विचारा. दोन्ही मिळून ताप, थरथर, घाम, गोंधळ असा प्रकार होऊ शकतो.

ही औषधं सापडलीच मुळी वॉर्डात. इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते घेणारे क्षयरोगी एकदम उत्साही दिसू लागले, भूक वाढली, आणि त्यातूनच पुढे ते डिप्रेशनवर वापरलं जाऊ लागलं.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना एक गोष्ट हमखास सांगा. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन एकदम थांबवलं तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. मग घरचे म्हणतात, “सवय लागली.” ती दारूसारखी ओढ नव्हे, शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, हे समजावून सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर केसपेपरवर लिहून द्या. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

त्या बाईंना आम्ही एकदम महिन्याच्या गोळ्या दिल्या नाहीत. दर सोमवारी आठवड्यापुरत्या, त्याही भावजयीच्या हातात. तिसऱ्या महिन्यात बाई एकट्याच आल्या. बाकावर बसून म्हणाल्या, “सिस्टर, परवा भाकरीला चव लागली.” मी ते वाक्य त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि पुढच्या आठवड्याच्या सात गोळ्या मोजून दिल्या.